मोबाईलचा कान आणि आपली बोली

ध्वनिशास्त्राचा तास चालू असताना द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, जत्रेतून मामाचा फोन आला की मामाचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण मागं वाजणारी सनई चिरकते, तुटते. असं का?" फोनचा ध्वनिवर्धक लहान असतो, असे काहीतरी सांगून मी पुढे गेलो. उत्तर चूक आहे हे मला ते देतानाच ठाऊक होते. त्याच फोनमध्ये साठवलेले सनईवादन तोच ध्वनिवर्धक बरे वाजवतो, मग दोष त्याच्याकडे कसा जाईल? पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने वर्गात असे निसटावे, ही गोष्ट मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

या प्रश्नाचे खरे उत्तर मला हैदराबादेत मिळाले, आणि त्यासोबत दुसरा एक प्रश्न पदरात पडला. तो पहिल्यापेक्षा अवघड निघाला. प्रस्तुत लेख त्या दोहोंविषयी आहे.

सन २०१८ च्या सप्टेंबरात, २ ते ६ तारखांना, ‘इंटरस्पीच’ ही मानवी वाणीच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबादेत भरली. दरवर्षी निरनिराळ्या देशांत भरणारी ही परिषद भारतात प्रथमच येत होती. बहुभाषिक समाजांतील वाणीसंशोधन हा तिचा त्या वर्षीचा मुख्य विषय. अध्यक्षस्थानी हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे ट्रिपल आयटीचे, ज्येष्ठ प्राध्यापक बी. येज्ञनारायण होते. निबंधवाचन एकीकडे आणि कंपन्यांचे प्रदर्शन दुसरीकडे, अशी मांडणी होती. आणि आजकाल वाणीचा सगळा उद्योग मोबाईलभोवतीच फिरत असल्यामुळे प्रदर्शनाला मोबाईल-मेळ्याचेच रूप आले होते. आमच्या कन्नड विभागातील एका सहकाऱ्यांना मी ही बातमी सांगितली. नोंदणीशुल्काचा आकडा ऐकून आम्ही दोघेही क्षणभर गप्प झालो. मग ते म्हणाले, "सर, पुस्तकं घेतली असं समजू." झाले, ठरले!

सोमवारी घरी गोपाळकाला होता, त्यामुळे मंगळवारी पहाटे सोलापुरास हुसेनसागर एक्सप्रेस पकडली. हा उशीर मला महागात पडला, ते पुढे येईलच. होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गी, वाडी, तांडूर... स्थानकांच्या पाट्यांवरील लिपी बदलत जाते. डब्यातील बोलणे मात्र पाटीप्रमाणे एकदम बदलत नाही. मराठीत कन्नड मिसळते, कन्नडात दखनी मिसळते, आणि तांडूरच्या पुढे तेलुगू वर चढते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत मराठवाडा, कलबुर्गी-बीदर-रायचूर आणि तेलंगण एकाच हैदराबाद संस्थानाचे, नंतर राज्याचे, भाग होते. रेषा कागदावर आखली गेली. डब्यातील माणसांनी ती अजून पुरती मान्य केलेली दिसत नाही.

हैदराबादेत आम्ही कोठीजवळ उतरलो. जवळच जांबाग भागात विवेकवर्धिनी ही मराठी मंडळींनी विसाव्या शतकाच्या आरंभी उभी केलेली शिक्षणसंस्था. सहकाऱ्यांना मी ती बाहेरून दाखवली. त्यांनी उलट मला उस्मानियाची आठवण करून दिली. १९१८ साली सुरू झालेल्या त्या विद्यापीठात वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून शिकवली जात असे, आणि त्यासाठी १९१७ पासूनच एक भाषांतरसंस्था बसवून पाश्चात्त्य ग्रंथ उर्दूत आणण्याचे आणि पारिभाषिक शब्द घडवण्याचे काम चालले होते. देशी भाषेत आधुनिक शास्त्र नेण्याचा एवढा मोठा खटाटोप तेव्हा दुसरीकडे क्वचितच झाला असेल. अर्थात याच संस्थानात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या वाट्याला ती सोय आली नव्हती, हेही सहकाऱ्यांनी लगेच बजावले. ते कन्नडचे प्राध्यापक. अशी संधी सोडणारे नव्हेत.

बुधवारी सकाळी नामपल्लीहून लोकल गाडीने हायटेक सिटीला आणि तेथून रिक्षाने परिषदेच्या जागी, म्हणजे एचआयसीसी या भव्य सभागृहात पोचलो. ५ सप्टेंबर, शिक्षकदिन. गळ्यात नावाची पट्टी अडकवून आम्ही दोघे शिक्षक त्या दिवशी विद्यार्थी झालो.

चहाच्या रांगेत समजले, की मी काय घालवले होते. त्या वर्षीचे संघटनेचे पदक डॉ. बिष्णू अटल यांना जाहीर झालेले होते आणि त्यांचे व्याख्यान आरंभीच्या सत्रांत ठेवलेले होते. अटल हे मूळचे कानपूरचे. लखनौ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून, काही काळ तेथेच शिकवून, १९६१ साली ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. आपण सारे ज्या मोबाईलवर बोलतो त्यातील आवाज ज्या युक्तीने वाहून नेला जातो, तिच्या जनकांपैकी ते एक. गोपाळकाल्याचे दही मला त्या क्षणी फार आंबट वाटले. असो. व्याख्यानाचा छापील सारांश मिळाला, शेजारच्या खुर्चीवरील एका संशोधक मुलीने वहीवर आकृत्या काढून दिल्या, आणि सनईचे कोडे तेथे सुटले. ते असे.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. जुन्या अंकीय टेलिफोनमध्ये हा चढउतार सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक मोजमाप ८ अंकस्थानांत लिहीत. म्हणजे सेकंदाला ६४,००० अंक झाले. तारेवर हे परवडते. बिनतारी लहरींवर मात्र जागा थोडी आणि बोलणारे फार. तेथे एवढी चैन चालत नाही.

आता एक रेल्वेचा दृष्टान्त घेऊ. समजा, सोलापूरच्या स्थानकप्रमुखाला कलबुर्गीच्या स्थानकप्रमुखास रोज सर्व गाड्यांच्या वेळा कळवायच्या आहेत. वेळापत्रक दोघांच्याही भिंतीवर असेल, तर पूर्ण वेळ कळवण्याची गरज नाही. कोणती गाडी किती मिनिटे उशिरा, एवढे कळवले की पुरे. मनुष्याच्या आवाजालाही असे वेळापत्रक असते. स्वरयंत्रातून निघालेला नाद घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीतून जातो. ती पोकळी एखाद्या वाकड्या नळीप्रमाणे काही कंपनांना उठाव देते, काहींना दाबते. जीभ आणि ओठ कितीही चपळ असले, तरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात त्यांचा आकार फारसा पालटत नाही. म्हणून मागील आठ-दहा मोजमापांवरून पुढच्या मोजमापाचा बराच बरोबर अंदाज करता येतो. त्या अंदाजाचे सूत्र हे वेळापत्रक. अंदाज आणि वस्तुस्थिती यांतील फरक हा उशीर. यालाच रेषीय पूर्वानुमान म्हणतात. बेल प्रयोगशाळेत अटल आणि मान्फ्रेड श्रोडर, आणि त्याच सुमारास जपानात इताकुरा आणि साइतो, यांनी १९६० नंतरच्या दशकात ही कल्पना वाणीस लावली.

१९८५ साली अटल आणि श्रोडर यांनी पुढचे पाऊल टाकले. उशीर तरी प्रत्यक्ष कशाला कळवायचा? उशिरांचे १०२४ ठरावीक नमुने एका पुस्तकात छापा आणि पुस्तकाची एकेक प्रत दोन्ही स्थानकांत ठेवा. सोलापूरने सर्व नमुने लावून पाहावेत, मूळ आवाजाशी कानाला सर्वांत जवळचा वाटेल तो निवडावा आणि फक्त पानाचा क्रमांक कळवावा. कल्पना सुरेख, पण दर पाच सहस्रांश सेकंदाला १०२४ पाने उलटायची! त्या वेळच्या क्रे महासंगणकाला एक सेकंदाचे बोलणे संकुचित करायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. आज तुमच्या खिशातील यंत्र ते काम बोलता बोलता उरकते, कारण मधल्या काळात गणकाची गती वाढली आणि पुस्तक चाळण्याच्या चलाख रीतीही निघाल्या.

युरोपात १९९१ पासून पसरलेल्या जीएसएम मोबाईलची पहिली पद्धत या पुस्तकाविना, केवळ पूर्वानुमानाच्या मार्गाने चालणारी होती. २० सहस्रांश सेकंदाचा एक तुकडा, त्यात १६० मोजमापे, आणि ती पाठवायला अवघे २६० अंक. सेकंदाला असे ५० तुकडे, म्हणजे १३,००० अंक. ६४,००० चे काम १३,००० त झाले. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना पहिला मोबाईल फोन केला. पुढे ती पुस्तकाची युक्तीही मोबाईलमध्ये आली आणि अंकांची गरज आणखी घटली.

आता सनई. हे सारे वेळापत्रक माणसाच्या घशाचे आहे. सनईला घसा नाही, जीभ नाही. जत्रेत तर सनईबरोबर चौघडा आणि शंभर माणसांचा गलका असतो. कलबुर्गीच्या वेळापत्रकाने कोणी मुंबईच्या लोकलचा अंदाज करू लागला तर जे होईल, तेच सनईचे होते. मोबाईलवर आपण आवाज पाठवत नाही. घशाचे वर्णन पाठवतो, आणि पलीकडचे यंत्र त्या वर्णनावरून दुसरा आवाज घडवते. मामाचे बोलणे म्हणजे मामाच्या बोलण्याची हुबेहूब नक्कल होय! वर्गातील त्या विद्यार्थ्याला मी परतल्यावर हे सांगितले. तोवर तो तृतीय वर्षात गेला होता आणि प्रश्न विसरला होता.

दुपारी प्रदर्शनाच्या दालनात गेलो आणि दुसरा प्रश्न तेथे भेटला. यंत्राने बोलणे वाहून नेणे वेगळे आणि बोलणे ऐकून लिहिणे वेगळे. नुकत्याच, २८ ऑगस्टला, गुगलने आपल्या बोलक्या साहाय्यकात मराठी आल्याचे जाहीर केले होते, आणि बोलून टंकलेखन करण्याची सोय मराठी-कन्नडसाठी त्याआधी वर्षभर उपलब्ध झाली होती. त्यामुळे मी मोठ्या उमेदीत होतो. एका छोट्या कंपनीच्या टेबलावर (नाव महत्त्वाचे नाही) तेलुगू भाषक तरुणाने मोबाईल पुढे केला आणि मराठीत बोलायला सांगितले. मी म्हणालो, "चार पेंड्या चारा आणा." पडद्यावर उमटले : ‘चार पांड्या चार आणा’. सहकारी मोठ्याने हसले. मग त्यांची पाळी आली. ‘करतो’ या अर्थी पुस्तकी कन्नडात ‘माडुत्तेने’ म्हणतात ते यंत्राने बरोबर लिहिले. घरी म्हणतात तसे ‘माडतीनि’ म्हटल्यावर भलतेच काही उमटले. त्यांचे हसू मावळले.

मराठीच्या शिक्षकांनी येथे थोडे थांबावे. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो; उच्चार मात्र दोन. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘जीव’ आणि ‘जाऊ’ यांतील ज चेही तसेच. यंत्राला शिकवताना शब्दांचा उच्चारकोश लागतो. तो केवळ लिखित अक्षरांवरून तयार केला, तर दोन च एकाच खणात पडतात आणि त्या खणाचे रूप दोहोंच्या मधले, पुसट असे होते. कन्नड लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ निरनिराळे लिहितात. आपल्या देवनागरीत तो भेद लिहिलाच जात नाही. म्हणजे प्रत्येक भाषेत काय लिहिले जाते आणि काय नुसते बोलले जाते याचा हिशेब वेगळा, आणि तो हिशेब ती भाषा जाणणाऱ्यानेच मांडावा लागतो.

प्रत्यक्ष फोनवरून बोलताना यात आणखी एक अडचण मिसळते. सेकंदाला ८००० मोजमापे घेतली, की ४००० कंपनांच्या वरचे काहीच उरत नाही. स सारख्या ऊष्म ध्वनीची बरीच शक्ती त्याच्या वर असते, आणि दंततालव्य च च्या शेवटी तोच स सारखा घर्षणध्वनी असतो. श खालच्या पट्टीत असल्याने तो बराच वाचतो. म्हणजे फोनच्या जुन्या वाहिनीने नेमके तेच कापले, ज्यावर ‘चार’ आणि ‘चारा’ यांचा भेद उभा आहे. नव्या चौथ्या पिढीच्या जाळ्यांवर रुंद पट्टीची पद्धत आल्याने हा दोष बराच कमी झाला आहे.

मी त्या तरुणाला थोडे चिडूनच विचारले, की असे का होते? त्याने दालनातील गोंगाटाकडे बोट दाखवले. मग जरा थांबून, हैदराबादी हिंदीत, प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, आपके तरफ का कोई इससे बोलाच नहीं."

हे त्याचे वाक्य परिषदेतील अनेक निबंधांपेक्षा मला अधिक शिकवून गेले. यंत्राला व्याकरण कोणी शिकवत नाही. हजारो माणसांचे बोलणे आणि त्याखाली त्याचा बिनचूक लिहिलेला मजकूर अशा जोड्या त्याच्यापुढे ठेवतात; त्यांतून ते आपले ठोकताळे बांधते. ज्यांचे बोलणे त्या साठ्यात नाही, त्यांचे बोलणे यंत्राच्या लेखी चूक ठरते. त्याच परिषदेत तुटपुंज्या साठ्याच्या भारतीय भाषांसाठी एक स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक भाषेचे शिकवणीसाठी ४० तासांचे लिहिलेले ध्वनिमुद्रण संशोधकांना दिले होते. भाषा तीन : तेलुगू, तमिळ, गुजराती. मराठी नव्हती, कन्नड नव्हती. कोणी मुद्दाम वगळले असे मी म्हणत नाही. आरंभ कोठूनतरी करावा लागतो. पण निकालाच्या फलकासमोर आम्ही दोघे उभे होतो आणि काहीच बोललो नाही.

आपल्याकडे काम झालेच नाही असेही नाही. ट्रिपल आयटीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या सात भारतीय भाषांच्या ध्वनिसंग्रहात मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. पण विकिपीडियावरील वाक्ये शांत खोलीत वाचून घेतलेला तो संग्रह यंत्राला बोलायला शिकवण्यासाठी होता, ऐकायला नव्हे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मिळून एक सुंदर प्रयोग केला होता. शेतकऱ्याने फोन करावा, जिल्हा, बाजारपेठ आणि मालाचे नाव मराठीत सांगावे, आणि यंत्राने त्या दिवसाचा भाव बोलून दाखवावा. त्यासाठी त्यांनी महाराष्ट्रभरच्या शेतकऱ्यांचे आवाज त्यांच्याच मोबाईलवरून नोंदवून घेतले, मागे रेडकू ओरडत असेल तर त्यासकट! माझ्या मते ही दिशा खरी. शांत खोलीत पुण्याचा निवेदक जे बोलतो ते मराठीच. पण बाजारात, उन्हात, मोटारसायकलचा आवाज मागे घेऊन जे बोलले जाते तेही मराठीच की.

गुरुवारी भाषामिश्रणाविषयीचे काम पाहिले. एका वाक्यात दोन भाषा आल्या की यंत्र गोंधळते, त्यावर उपाय चालले आहेत. तेथील उदाहरणे बहुतेक हिंदी-इंग्रजीची होती. सोलापूरच्या चाटी गल्लीत एखादे गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते, दुकानदार तेलुगूत मुलाला कापड काढायला सांगतो आणि कन्नडात शेजाऱ्याशी थट्टा करतो. हे सगळे एका दमात. त्या यंत्राला एक दिवस चाटी गल्लीत बसवावे असे मनात आले.

परतीच्या गाडीत सहकारी वाडीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "सर, चाळीस तास म्हणजे किती हो? आपल्याकडं पोरं आहेत, मोबाईल आहेत." त्या दिवाळीच्या सुटीनंतर आम्ही मराठी आणि कन्नड विभागांतील बावीस विद्यार्थ्यांना कामाला लावले. अटी दोनच : बोलणाऱ्याची लेखी संमती, आणि वाचून दाखवलेले नको, बोललेले हवे. वर्षभरात मराठीचे सहा तास आणि कन्नडचे चार तास जमले. ध्वनिमुद्रण सोपे, लिहून काढणे कर्मकठीण. एक तासाचे बोलणे लिहायला दोघादोघांना आठ तास लागत. नंतरच्या वर्षांत बंगळूरच्या विज्ञान संस्थेने मराठी-कन्नडसह नऊ भाषांचे आवाज गोळा करण्याचे मोठे काम हाती घेतले, आणि केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली. त्यांच्यापुढे आमचे दहा तास म्हणजे समुद्रात ओंजळ. पण त्या ओंजळीवरून आमच्याकडे जे भांडण झाले ते नोंदवण्यासारखे आहे.

अक्कलकोट तालुक्यातील एका विद्यार्थिनीच्या आजी रेकॉर्डिंगच्या वेळी ज्वारी निवडत बसल्या होत्या. "काय करलालीस आजी?" या नातीच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले, "जोंधळं निवडलालो की गं." आता हे लिहायचे कसे? मराठी विभागातील निम्मी मुले म्हणाली, ‘जोंधळे निवडते आहे’ असे शुद्ध लिहावे, नाहीतर यंत्र चुकीचे मराठी शिकेल. उरलेली म्हणाली, आजी जे बोलल्या तेच लिहावे, नाहीतर यंत्राला आजी कधी कळायच्याच नाहीत. शिवाय बाई असून ‘लालो’ कसे, यावर एक स्वतंत्र वाद झाला. तो कन्नड विभागाने, कन्नडातील प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते हे दाखवून, भलत्याच दिशेला नेला. दोन बैठका झाल्या. निकाल लागला नाही. शेवटी वहीत दोन रकाने आखले : डावीकडे ‘बोललेले’, उजवीकडे ‘लिहिण्याचे’. विभागाच्या कपाटातील त्या वहीत आजही काही ओळींचा उजवा रकाना मोकळा आहे.